बत्तीसवर थांबलेला आकडा

अनघा देवस्थळीच्या घरात दोन फ्रिज होते. स्वयंपाकघरातल्या फ्रिजशी तिचं काही विशेष नातं नव्हतं. त्यात कोथिंबीर काळी पडली तरी ती ढुंकून बघत नसे. दुसरा फ्रिज मागच्या यार्डात, म्हणजे कपडे धुण्या-वाळवण्याच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी. कुणाकडून तरी जुना घेतलेला, कप्पे काढून टाकलेला, दार लावताना गुडघा टेकावा लागणारा. त्याच्या तब्येतीची मात्र ती दिवसातून दहादा चौकशी करायची. कारण त्यात प्लास्टिकचं एक पिंप होतं आणि पिंपात तिची बीयर. तिचा नवरा क्षितिज म्हणायचा, "माझ्या तापात कधी एवढ्या फेऱ्या मारल्या नाहीस." यावर अनघाचं उत्तर ठरलेलं: "तू उतू जात नाहीस."

सिंगापुरातल्या सेरंगून भागातल्या मराठी मैत्रिणी या प्रकाराला 'अनघाची भट्टी' म्हणायच्या आणि नाक मुरडून झालं की बाटली मागून न्यायच्या. बुकित पंजांगच्या सरकारी इमारतीत, बाराव्या मजल्यावर, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेली बाई रविवारी गुडघाभर पातेल्यात जव उकळते हे त्यांना पटत नसे. अनघाला मात्र त्यात सगळं पटत होतं. बँकेत ती माणसं सांभाळणाऱ्या माणसांना सांभाळायची. संध्याकाळी आज काय केलं असं कुणी विचारलं तर दाखवायला हातात काही नसायचं. बीयर निदान ग्लासात दिसायची.

पण सिंगापुरात बीयर करणं म्हणजे हवेशी भांडण. उकळलेलं गोड पाणी गार करून त्यात यीस्ट टाकलं की पुढचं काम यीस्टचं, आणि यीस्टला आवडते एकोणीस-वीस अंशांची हवा. इथे रात्री पंखा लावून उघडं पडलं तरी खोलीत तीस. शिवाय साखर खाताना यीस्ट स्वतः तापतं, म्हणजे बाहेर तीस तर पिंपात त्याहून जास्त. अशा उष्म्यात ते उधळतं. दोन दिवसांत सगळं फस्त करतं, आणि जाताना बीयरमध्ये एक जळजळ सोडून जातं. नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास, घशाला चटका, दुसऱ्या दिवशी डोकं हातात धरून बसायची पाळी. आणि ही जळजळ एकदा उतरली की उतरली. नंतर बर्फात पुरून ठेवा, ती जागची हलत नाही.

सुरुवातीची काही वर्षं अनघाने पिंप पाण्याच्या टबात ठेवून पाहिलं, भोवती ओला टॉवेल, समोर पंखा, टबात बर्फाच्या बाटल्या. ऑफिसला गेलं की बाटल्या वितळायच्या आणि व्हायचं तेच व्हायचं. गेल्या वर्षी ईस्ट कोस्टला घरी बीयर करणाऱ्यांच्या क्लबची वार्षिक चाखणी होती. तिथे ज्याची बीयर पहिली येते, त्याच्या कृतीने एक छोटी ब्रुअरी मोठी बॅच काढते आणि बीयरच्या नळावरच्या पाटीवर त्याचं नाव लावते. क्लब चालवणारे मिस्टर कोह तिच्या बीयरचा घोट घेऊन आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले होते, "रेसिपी व्हेरी नाइस. बट हॉट, लाह. सिंगापूर वेदर इनसाइड." सगळे हसले, तीही हसली. घरी येऊन तिने बाथरूममधला नळ सोडला आणि रडून घेतलं. त्यानंतर हा फ्रिज आला.

फ्रिजला एक डबी जोडलेली होती. हवं ते तापमान डबीवर लावायचं, तिची वायर पिंपाला चिकटवायची. पिंप तापलं की डबी फ्रिज चालू करते, गार झालं की बंद. आकडा अनघाच्या फोनवर दिसायचा. या वर्षीच्या चाखणीसाठी तिने बॅच लावली तेव्हा हातात जेमतेम तेवढाच वेळ उरला होता. ही बिघडली तर दुसरी तयार होणार नव्हती, हे तिला पक्कं माहीत होतं.

आणि नेमके त्याच महिन्यात बाबा आले होते.

श्रीनिवासराव, म्हणजे अनघाचे वडील, सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आयुष्यभर होते. मळी आंबवून तिचं अल्कोहोल काढायचं काम. घरापेक्षा मोठ्या टाक्या, त्यांतला फेस, वाफ, पंप यांच्यात त्यांची हयात गेली आणि टाक्यांच्या अंगावर हात ठेवून ते आतलं तापमान सांगायचे. आता बायको गेलेली, निवृत्ती जुनी झालेली. लेकीने हट्टाने आणलं खरं, पण बुकित पंजांगच्या त्या फ्लॅटमध्ये त्यांना करायला काहीच नव्हतं. भाजी ऑनलाइन यायची, कपडे मशीन धुवायचं, खाली फिरायला गेलं तर ओळखीचं कुणी नाही. स्तुती करण्याची त्यांना सवय नव्हती, दोष मात्र चटकन दिसायचा. लेकीने हौसेने घर दाखवलं, तर "नळ गळतोय" एवढंच म्हणाले. अनघाला याची सवय होती. म्हणजे सवय आहे असं ती म्हणायची.

रविवारी तिने बीयर लावली तेव्हा बाबा स्टुलावर बसून सगळं बघत होते. पातेलं, गाळणी, फेस, यीस्ट. अगदी शेवटी विचारलं, "कितीवर ठेवणार?"

"एकोणीस."

"हं," बाबा म्हणाले. हा 'हं' अनघाने लहानपणापासून ऐकलेला होता आणि त्याचा अर्थ तिला ठाऊक होता. पण ती दमली होती, भांडी घासायची होती, तिने कानाआड केलं.

मंगळवारी ऑफिसमध्ये मोठं सादरीकरण होतं. क्षितिज जकार्ताला गेलेला. सकाळच्या घाईत तिने फोनवरचा आकडा पाहिलाच नाही. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच, आणि घात त्याच दिवशी व्हायचा होता. जेवायच्या सुट्टीत पाहिलं तर एकोणतीस.

तिला आधी वाटलं, चष्मा नाही म्हणून एकोणीसचं एकोणतीस दिसतंय. चष्मा लावला. एकोणतीस आणि वर एक दशांश. यीस्ट टाकल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस हेच खरे. चव काय ती तेव्हाच ठरते, पुढचं सगळं नुसतं थांबणं.

तिने बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. तेच. आता आकड्याची भीती बाजूला राहिली आणि दुसरीच शिरली. वीज गेली असेल का? बंद घरात, पंख्याशिवाय, सत्तरी ओलांडलेला माणूस. मग कधीकाळी शिकलेल्या इंजिनिअरिंगने तिला सावरलं: वीज गेली असती तर फोनवर आकडाच आला नसता. म्हणजे वीज आहे. म्हणजे फ्रिज मेला असणार. पण मग बाबा फोन का उचलत नाहीत?

दुपारचं सादरीकरण तिने कसं केलं ते तिलाही सांगता आलं नसतं. समोर आलेख होते, तिच्या डोळ्यांपुढे एकच रेघ वर चाललेली. तीस. एकतीस. टेबलाखाली ती फोन बघत होती आणि सहकारी तिच्याकडे बघत होते. शेवटचा प्रश्न संपला तशी ती बॅग उचलून निघालीच.

मेट्रोत, म्हणजे एमआरटीत बसल्यावर आकडा बत्तीस झाला. स्टीव्हन्स स्टेशनला बत्तीस. ब्युटी वर्ल्डला बत्तीस. आता बत्तीसचं तेहेतीस होणार म्हणून ती श्वास धरून बसली होती, पण ते होईना. बुकित पंजांगला उतरून ती एलआरटीच्या छोट्या गाडीत चढली तरी बत्तीसच. इमारतींच्या जवळून जाताना लोकांच्या घरात दिसू नये म्हणून गाडीच्या काचा आपोआप धुरकट होतात, तशा त्या झाल्या, आणि बाहेरचं काही दिसेनासं झाल्यावर अनघाला एकदम उमगलं. फ्रिज मेला असता तर आकडा असा थांबला नसता. पिंप तापत गेलं असतं, तेहेतीस, चौतीस. हा आकडा थांबलेला नव्हता, कुणीतरी थांबवलेला होता. फ्रिज उत्तम चालू होता आणि बत्तीसवर राखायला सांगितलं होतं म्हणून बत्तीसवर राखत होता.

घरात दुसरं कोण होतं?

तिच्या डोक्यात तिडीक गेली. बाबा सुखरूप आहेत याचा आनंद आधी व्हायला हवा होता, हे तिला नंतर सुचलं.

दार उघडलं तर बाबा यार्डात, फ्रिजचं दार किलकिलं करून, स्टुलावर बसलेले. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. तिला बघताच ते उठले. इतक्या आठवड्यांत त्यांच्या चेहऱ्यावर तिने असा उजेड पाहिला नव्हता.

"आलीस? ये, बघ. कशी धावतेय बघ आता!"

पिंपाच्या झाकणावरच्या नळीतून बुडबुडे तडतड फुटत होते. फेस नळीपर्यंत चढला होता. यार्डभर आंबूस, गोडसर वास भरला होता, आणि त्या वासाखाली अनघाला तो दुसरा वास आलाच.

"काल रात्री बघितलं मी," बाबा सांगत होते, "तर मिनिटाला एखादा बुडबुडा. यीस्ट गारठलेलं. म्हटलं पोरीला कळलं नसेल, ऑफिसच्या गडबडीत आहे. आमच्याकडे टाकी अशी मंदावली की मॅनेजर घरी गाडी पाठवायचा मला न्यायला. बत्तीसवर आणली की झाली सुरू! तुझी ती डबी सोपी आहे, दोन बटणं. एका रात्रीत बघ कुठल्या कुठे—"

"बाबा, तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

बाबांचा बुडबुड्यांकडे दाखवणारा हात खाली आला.

"कुणी सांगितलं होतं हात लावायला? एकोणीस म्हटलं होतं ना मी? तुमच्यासमोर म्हटलं होतं!"

"अगं, पण एकोणिसाला काम होत नाही. मी पस्तीस वर्षं—"

"तुम्ही पस्तीस वर्षं बीयर केली नाहीत, बाबा! तुम्ही स्पिरिट केलंत. तुमच्याकडे वाफेचा उंच कॉलम होता. टाकीत काय वाट्टेल ते होऊ दे, कॉलममध्ये चढलं की घाण वेगळी निघायची आणि चांगलं वेगळं. माझ्याकडे कुठाय कॉलम? पिंपात जे होतं ते सगळं ग्लासात येतं. सगळं!"

एवढं बोलून ती डबीकडे वळली. मग तिने मागे पाहिलं. बाबा पिंपाकडे बघत होते. समजावून सांगायची गरजच नव्हती. तो दोष या घरात त्यांच्याइतका कुणालाच माहीत नव्हता.

"फ्युजेल," त्या जळजळीचं डिस्टिलरीतलं नाव ते हळूच म्हणाले.

"हो."

"आम्ही ते कॉलमच्या मधल्या नळीने काढायचो. वेगळ्या पिंपात. वास सहन व्हायचा नाही." मग पुटपुटले, "माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

अनघा रागाने बटण दाबून आकडा एकोणीसवर आणत होती. बाबांचा हात पुढे आला आणि तिच्या मनगटाशी येऊन थांबला, टेकला नाही. "एकदम उतरवू नकोस," ते म्हणाले. "यीस्ट झोपेल. मग अर्धवट राहील. आज चोवीस ठेव, उद्या खाली." त्यांनी हे बरोबर सांगितलं होतं आणि ते बरोबर आहे याचाच तिला जास्त राग आला. तिने चोवीस लावले आणि आत निघून गेली.

पुढचे काही आठवडे त्या घरात माणसं जपून बोलत होती. बाबा यार्डात जायचे बंद झाले. कपडे वाळत घालायलासुद्धा जाईनात, अनघा आली की विचारायचे, "तेवढे कपडे घालतेस का?" टीव्हीचा आवाज बारीक. जेवताना भाजी छान झाली म्हणायला लागले, आणि ते ऐकून अनघाला गलबलून यायचं, कारण भाजीत मीठ नसायचं. क्षितिज जकार्ताहून परत आला आणि दोघांच्या मध्ये बसून जेवू लागला. "सॉरी म्हण ना त्यांना," तो म्हणाला. "त्यांनी म्हणायला हवं," ती म्हणाली. "त्यांनी तुला तीनदा म्हटलंय," क्षितिज म्हणाला, आणि ते खरं होतं.

बीयर बाटल्यांत भरली. तिच्यात फेस धरायची वाट बघितली. चाखणीच्या आदल्या दिवशी अनघाने पहिली बाटली उघडली. रंग सुरेख, मधासारखा. फेस दाट. तिने घोट घेतला, डोळे मिटले. मग दुसरा घेतला. आहे का? नाही. आहे? तिला कळेना. इतके दिवस तिने त्या वासाची इतकी धास्ती घेतली होती की आता तो नुसता आठवतोय की खरंच येतोय, ते सांगता येईना. क्षितिजला दिली. "मस्त आहे," तो म्हणाला. पण क्षितिजला सगळ्याच बीयर मस्त लागतात.

"चांगली आहे," अनघा स्वतःशी म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली. तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. उद्या मिस्टर कोह घोट घेणार, क्षणभर थांबणार आणि तेच म्हणणार. ते पुन्हा एकदा, हसत, सगळ्यांसमोर ऐकायची तिची तयारी नव्हती.

या घरात एकच नाक होतं जे चुकणार नव्हतं.

बाबा हॉलमध्ये पेपर धरून बसले होते. तिने ग्लास त्यांच्यासमोर ठेवला. आयुष्य दारूच्या टाक्यांवर काढलेल्या या माणसाने थेंब कधी जिभेला लावला नव्हता, त्यामुळे चव घ्या असं तिने म्हटलंच नाही. "बाबा, वास बघता?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं. पेपरची नीट घडी घातली. दोन थेंब तळहातावर घेतले, दोन्ही हात एकमेकांवर खसाखसा चोळले आणि ओंजळ नाकाशी नेली. डिस्टिलरीत ते असंच करायचे. स्पिरिट उडून जातं आणि मागे राहणारा वास खोटं बोलत नाही. अनघा त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती. नाही म्हणा, तिला वाटलं. नुसतं नाही म्हणा. त्यांनी नाही म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता. त्यांच्या हातून झालेलं सगळं धुऊन निघालं असतं, कुणाला काही कळलं नसतं, आणि उद्या काय व्हायचं ते कोहसाहेबांच्या तोंडून झालं असतं.

बाबा हात धुऊन आले. पुन्हा दोन थेंब घेतले. पुन्हा चोळले.

"आहे," ते म्हणाले.

"थोडासाच असेल."

"थोडासा असता तर बोललो नसतो, अनू." त्यांनी ग्लास तिच्याकडे सरकवला. "नेऊ नकोस ही."

ती ग्लास घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि सिंकमध्ये ओतला. ती रडली नाही. फार राग येईल असं वाटलं होतं, तोही आला नाही. एक खोटा शब्द बोलून सुटता येत होतं त्या माणसाला. स्वतःविरुद्ध साक्ष देऊन तो बाहेर बसला होता.

मग तिने मिस्टर कोहना फोन लावला. स्पीकरवर, कारण हात ओले होते. या वर्षी येत नाही, माझी बॅच बिघडली, असं इंग्रजीत सांगितलं.

"अय्या, अगेन? व्हॉट हॅपन्ड?"

"टेम्परेचर," अनघा म्हणाली. "माय मिस्टेक. आय डिडन्ट वॉच इट."

"नेव्हर माइंड, लाह. हिअर सो हॉट, व्हॉट टू डू. नेक्स्ट इयर यू चेंज युअर प्रोसेस, कॅन?"

स्वयंपाकघराच्या दारात बाबा येऊन उभे होते. त्यांनी हात पुढे केला. ती नको नको म्हणत असतानाच त्यांनी ओट्यावरचा फोन उचलला, तोंडासमोर आडवा धरला आणि डिस्टिलरीत साहेबासमोर उभं राहून बोलावं तसे, एकेक शब्द तोलून, मोठ्याने बोलू लागले.

"सर, गुड इव्हनिंग. आय अॅम हर फादर. माय डॉटर इज टेलिंग यू राँग. आय चेंज्ड द टेम्परेचर. विदाउट आस्किंग." त्यांनी श्वास घेतला. "हर प्रोसेस इज करेक्ट, सर. फर्स्ट टू लास्ट, आय हॅव सीन. प्लीज डू नॉट टेल हर टु चेंज एनीथिंग."